जुनी लेन्स घ्यायची तर आधी टॉर्च घ्या

गेल्या दिवाळीआधी ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी दुकान आवरायला काढलं. मागचे रंगीत पडदे गुंडाळलेले, पासपोर्ट फोटोचं स्टूल उलटं ठेवलेलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात चपलांच्या खोक्यात चार जुन्या लेन्स. शेजारचा किराणावाला डोकावला, एक लेन्स उचलून डोळ्याला लावली आणि म्हणाला, "हाई काय शे रे भो, दुर्बीन शे का?" काका म्हणाले, "भंगार शे. लई जा."

किराणावाल्याने नेली नाही. मी चारातल्या दोन घेतल्या आणि दोन खोक्यातच ठेवल्या. काका चक्रावले, कारण ठेवलेल्या दोन्ही वरून कोऱ्या करकरीत होत्या. घेतलेल्यांपैकी एकीची फोकसची रिंग हलतच नव्हती आणि दुसरीच्या तोंडाला पोचा होता. चांगला माल सोडून हा डबडी नेतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पण जुन्या लेन्सचा व्यवहार असाच उलटा असतो. रिंग, आटे, स्क्रू, पाती ही धातूची दुखणी बहुतेक वेळा बरी होतात. काचेचं दुखणं कमी झालं तर झालं, बरं होईलच असं नाही. म्हणून लेन्स खोलायचं तंत्र शिकण्याआधी विकत घेताना काय बघायचं ते शिकावं. या लेखातली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

मुळात पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स घ्यायचीच कशाला? पैसे वाचतात, हे एक. दुसरं म्हणजे या लेन्स चित्र वेगळं काढतात. 'हेलिओस ४४-२' घ्या: ५८ मिमी, एफ/२, सोव्हिएत काळात झेनिट कॅमेऱ्यांसाठी बनलेली. तिचा आराखडा जर्मन कार्ल झाइसच्या 'बायोटार'वरून उचललेला. या लेन्सने केळीच्या बागेत माणूस उभा करून फोटो काढला, की मागच्या पानांमधून झिरपणारा उजेड माणसाभोवती गरगर फिरल्यासारखा दिसतो. यात जादू काही नाही. चौकटीच्या कडेला जाणारा प्रकाश लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या कडांमध्ये अर्धवट अडतो. त्यामुळे मध्ये गोल दिसणारे उजेडाचे ठिपके कडेला बदामासारखे चपटे होतात, आणि ते सगळे बदाम मध्याभोवती फेर धरून उभे राहतात. लेन्स बनवणाऱ्याच्या दृष्टीने हा दोषच. आज लोक त्याच दोषाचे पैसे मोजतात. मोबाइलही मागचं धूसर करून देतो, पण हिशेब करून. कानाजवळचे केस कुठे संपले आणि भिंत कुठे सुरू झाली हे त्याला अजून नीट कळत नाही.

एक सावधगिरी. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असेल, तर चौकटीच्या कडा कापल्या जातात. दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर ५८ मिमीची लेन्स साधारण ८७ मिमीसारखी दिसते आणि तो गरगराट बराचसा बाहेरच राहतो. मग हेलिओस आणली आणि काहीच फिरत नाही, अशी तक्रार होते.

आता जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसेल का, हा प्रश्न. इथे बरेच जण आट्यांकडे बघतात. आटे जुळवणारा अडॅप्टर मिळतो. खरा प्रश्न अंतराचा आहे. प्रत्येक पद्धतीच्या लेन्सचं बूड फिल्मपासून किंवा सेन्सरपासून किती लांब हवं, हे ठरलेलं असतं. एम४२ म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची लेन्स. हेलिओस, पेंटॅक्सच्या जुन्या टाकुमार, पूर्व जर्मनीच्या कितीतरी लेन्स याच जातीच्या. त्यांना ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनीच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात हे अंतर फक्त १८ मिमी आहे. उरलेले २७.४६ मिमी भरून काढायला मध्ये एक पोकळ नळी लावली, की काम झालं. त्या नळीत काच नसते, म्हणून चित्राला काही होत नाही. निकॉनचं झेड १६, कॅननचं आरएफ २०, तिथेही तसंच.

लग्नाचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांकडे कॅननचा आरशाचा डीएसएलआर अजून पडून आहे. त्याचं अंतर ४४ मिमी. म्हणजे एम४२ साठी दीड मिमीहूनही पातळ चकती पुरते. मात्र फुल-फ्रेम कॅननवर काही लेन्सचं बूड आरशाला घासतं, तेव्हा आधी हळूच तपासा. निकॉनच्या डीएसएलआरचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्सला हवं त्यापेक्षा एक मिमी जास्तच. इथे पोकळ चकती लावली तर जवळचं दिसतं, लांबचं कधीच फोकस होत नाही. मधे काच घातलेला अडॅप्टर मिळतो, पण तो चित्र बिघडवतो. एवढ्या एका मिलिमीटरपायी निकॉनवाल्याने एम४२ च्या नादी लागू नये. त्याने निकॉनच्याच जुन्या लेन्स शोधाव्यात. फक्त डी३००० आणि डी५००० या मालिकांतले साधे कॅमेरे जुन्या, चिप नसलेल्या लेन्सबरोबर उजेड मोजत नाहीत, तिथे अंदाजाने चालावं लागतं. कॅननच्याच जुन्या एफडी लेन्सची तीच गत: त्यांना ४२ मिमी लागतात आणि कॅननचाच डीएसएलआर ४४ देतो.

मिररलेसवाल्यांसाठी एवढंच की मेनूमध्ये 'लेन्स नसताना शटर चालू' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. नाहीतर कॅमेरा ढिम्म हलत नाही आणि तुम्ही लेन्सला शिव्या देता. फोकस हातानेच करायचा. कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंग चालू केलं, की दोन दिवसांत हात बसतो.

आता टॉर्च.

दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला जा. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर म्हणजे आतल्या पात्यांचं उजेड सोडणारं छिद्र पूर्ण उघडा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका तोंडाशी तिरका धरा आणि दुसऱ्या तोंडातून आत बघा. थेट उजेडाकडे नाही, जरा बाजूने. मग लेन्स उलटी करून पुन्हा तेच. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच, कारण टॉर्चखाली नवी लेन्ससुद्धा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. धूळ सोडून द्या. काचेत अडकलेला एखादा हवेचा बुडबुडाही सोडून द्या, जुन्या काचेत तो असायचाच. शोधायचं ते वेगळं.

पहिली बुरशी. धूळ ठिपक्यांची असते, बुरशीला फांद्या असतात. कोळ्याचं जाळं किंवा रोपाची बारीक मुळं काचेवर पसरावीत तशी ती दिसते, बहुतेक वेळा कडेकडून मध्ये सरकत येते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. बरेच दिवस आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली, वारा-उजेड नसला, की धूळ आणि बोटांचा तेलकटपणा खाऊन ती वाढते. खाताना आम्ल सोडते आणि ते आधी काचेवरचा लेप, मग खुद्द काच खातं. म्हणून बुरशी पुसून निघाली तरी कधी कधी तिचा नकाशा काचेवर तसाच राहतो. काकांच्या त्या कोऱ्या करकरीत लेन्समध्ये हाच नकाशा होता. दोन्ही चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या, आणि चामडं ओल धरून ठेवतं. ज्या दोन उघड्यावर पडल्या होत्या, त्या वाचल्या.

दुसरी धुरकटी. काचेवर कुणी हा करून फुंकर मारली आणि वाफ उडालीच नाही, असं दिसतं. बऱ्याचदा रिंगमधल्या जुन्या ग्रीसची वाफ आतल्या काचेवर बसलेली असते आणि ती पुसून निघते. पण काही वेळा काचच झिजलेली असते, आणि हे दोन्ही खोलल्याशिवाय वेगळं ओळखता येत नाही. स्वस्तात मिळाली तर जुगार खेळायला हरकत नाही. शंका असेल तर लेन्स कॅमेऱ्याला लावा, ट्यूबलाइट चौकटीच्या जरा बाहेर राहील अशी धरा आणि फोटो काढा. काळं होतं ते राखाडी आलं, तर धुरकटी आहे.

तिसरं, जोड सुटणं. आतले काही काचतुकडे एकमेकांना चिकटवलेले असतात. पूर्वी त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाची झाडाची पारदर्शक राळ वापरत. ती वाळून सुटली, की कडेला इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात, साचलेल्या पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतात तसे. अशी लेन्स खोक्यात परत ठेवा. घासाघीसही करू नका.

ओरखड्यांचं गणित लोकांना उलटं वाटतं. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसतच नाही, तो फोकसच्या फार बाहेर असतो. मागच्या काचेवरचा तेवढाच ओरखडा नडतो. लोक पुढची काच बघून लेन्स नाकारतात आणि मागचं झाकण काढतही नाहीत.

लेपाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण याच लेपाला लोक प्रेमाने पुसून पुसून मारतात. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हेलिओसमध्ये सहा काचा चार गटांत आहेत, म्हणजे हवेला लागलेले आठ पृष्ठभाग. लेपच नसता तर शंभरातला जवळपास २८ टक्के प्रकाश वाटेतच गेला असता. नुसता गेला असता तर चाललं असतं. तो आतल्या आत आपटत राहतो आणि सगळ्या चित्रावर पांढुरका पदर ओढतो. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं की वापरून डाग पडलेल्या जुन्या लेन्स नव्यांपेक्षा जास्त उजेड आत घेतात. डागाचा तो पातळ थर परतीचा प्रकाश कमी करत होता. पुढे १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी मुद्दाम लेप चढवण्याची पद्धत काढली. लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की जांभळी, निळसर किंवा पिवळसर झाक दिसते, तोच हा लेप. एखाद्या ठिकाणी प्रतिबिंब पांढरंफटक दिसलं, तर तिथला लेप कुणीतरी शर्टाच्या टोकाने घासून काढला आहे असं समजा.

काच पास झाली की धातूकडे बघा, हे काम दोन मिनिटांचं. रिंग जड फिरते का? चालेल. अजिबात फिरत नाही? तरी चालेल, किंमत पाडा. पुढचा भाग डगमगतो का? जरा विचार करा. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील, तर आधी कुणीतरी आत हात घालून बाहेर आलेला आहे, आणि तो सगळं होतं तिथे ठेवून आला असेलच असं नाही.

अ‍ॅपर्चरची पाती मात्र नीट बघा. छिद्र बारीक करा: पाती कोरडी, मंद काळी दिसली पाहिजेत. चकाकली तर तेल आलं आहे. एम४२ च्या ऑटो लेन्समध्ये मागे एक छोटी पिन असते. ती दाबून सोडली की पाती टचकन मिटली-उघडली पाहिजेत. सावकाश सरकली तर तेलाने चिकटली आहेत. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्समध्ये पाती आपण हातानेच फिरवतो, म्हणून तेलाने काम अडत नाही. तरी तेच तेल उद्या वाफ होऊन काचेवर बसणार.

हे तेल येतं कुठून, ते मी स्वतःच्या हाताने केलेल्या उद्योगातून शिकलो. माझी पहिली लेन्स होती ५० मिमीची, रिंग कोरडी आणि कुरकुरणारी. घरी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी होती. सुईच्या टोकावर घेऊन चार थेंब फटीत सोडले. रिंग लोण्यासारखी फिरायला लागली आणि मी महिनाभर मिरवलो. मग मे आला. आमच्या चाळीसगावचा मे म्हणजे पंखासुद्धा गरम हवा ढकलतो. लेन्स लोखंडी कपाटात होती. जूनमध्ये काढली तर आठही पाती तेलाने न्हाऊन एकमेकींना चिकटलेली आणि आतल्या काचेवर धुक्याचा गोल. पातळ तेल उष्णतेने आणखी पातळ होतं आणि जिथे जाऊ नये तिथे जातं. कोकण-मुंबईच्या लेन्सला बुरशी मारते. आपल्याकडे उन्हाळा तेल हलवतो आणि उरलेलं काम पावसाळा करतो. गाडीचं ग्रीस, खोबरेल, फवाऱ्याचं गंज काढणारं तेल, हे सगळं याच यादीत. लेन्सच्या आट्यांसाठी वेगळं घट्ट ग्रीस मिळतं, तेच वापरायचं आणि पुसट बोट फिरवल्याएवढंच.

खोलायचं झालं, तर मसाल्याचा डबा घ्या. आईची परवानगी घेऊन, किंवा नवा. त्याच्या सात वाट्या म्हणजे सात टप्पे: पहिल्यांदा निघालेले स्क्रू पहिल्या वाटीत, पुढचे दुसरीत. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. खाली पांढरा टॉवेल, कारण निसटलेला स्क्रू टॉवेलवर थांबतो आणि फरशीवर पडला की थेट पलंगाखाली जातो. जपानी लेन्सच्या स्क्रूची खाच साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरशी जुळत नाही. तो घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएस नावाचे जपानी मापाचे स्क्रूड्रायव्हर मिळतात, एक छोटा संच घेऊनच ठेवा. पुढची नाव छापलेली रिंग रबर दाबून फिरवली की सुटते. बेसिनचं रबरी बूच मापाचं मिळालं तर उत्तम. आतल्या खाचांच्या रिंगांना दोन टोकांचा लेन्स-पाना लागतो. बरेच जण कंपासपेटीतला डिव्हायडर वापरतात. मीही वापरला. तो घसरला की काचेवर जी रेघ उठते, तिच्यावर इलाज नाही.

फोकसच्या रिंगखालच्या आट्यांच्या जोडीत सगळ्यात मोठी मेख आहे. साध्या बरणीच्या झाकणासारखा तिथे एकच आटा नसतो, शेजारी शेजारी अनेक आटे सुरू होतात. म्हणजे परत बसवताना ते अनेक ठिकाणी बसू शकतात आणि त्यातली एकच जागा बरोबर असते. म्हणून भाग वेगळे होतील त्या क्षणी, जिथे सुटले तिथे दोन्ही भागांवर टोकदार सुईने खूण करायची. मी पहिल्या वेळी खूण विसरलो आणि एक अख्खा रविवार लावून-काढून घालवला.

पाती सुटी करू नका. लायटरमध्ये भरतात ते पटकन उडणारं इंधन कापसाच्या काडीवर घेऊन पातींवर फिरवा, रिंग उघडा-मिटा, पुसा, पुन्हा तेच, पाती कोरडी होईपर्यंत. खिडकी उघडी आणि घरात गॅस बंद. काच पुसायला आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. बुरशीसाठी हौशी लोक हायड्रोजन पेरॉक्साईड आणि अमोनिया समप्रमाणात वापरतात. ते चालतं, पण हातमोजे घाला, वारं खेळतं ठेवा, मिश्रण बंद बाटलीत भरून ठेवू नका आणि घरातलं ब्लीच त्याच्या जवळपासही आणू नका. हे फक्त सुट्या काढलेल्या काचेवर, थोडाच वेळ.

सगळं परत बसलं की तपासायचं लांबचं. रिंगवर आडव्या आठची खूण असते, म्हणजे अनंत अंतर. ती खूण जुळवल्यावर फार लांबची वस्तू ठसठशीत दिसली पाहिजे. आम्ही गावाबाहेर जाऊन पाटणादेवीकडच्या डोंगररांगेवर नेम धरतो. डोंगराची कड धूसर दिसली, तर आटे चुकीच्या जागी बसलेत. मसाल्याचा डबा पुन्हा बाहेर.

जवळचं तपासायला टेबलावरची कुठलीही वस्तू पुरते. आमच्या गावात कलामहर्षी केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी टेबलावर वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले, तेही दशकानुदशकं घराबाहेर जवळपास न पडता. हाताने फोकस करायच्या लेन्सला असंच काम मानवतं: वस्तू पळत नाहीत, उजेड आपल्या ताब्यात.

पिवळ्या काचेबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. काही जुन्या लेन्स, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या ५० मिमी एफ/१.४ सुपर टाकुमारचे बरेच नग, चहाच्या पाण्यासारखे पिवळे दिसतात. त्यांच्या काचेत थोरियम आहे. थोरियमने काच प्रकाश जास्त वाकवते आणि रंग कमी फाकवते, म्हणून ते घालत. त्याच्याच सौम्य किरणोत्सर्गाने काच हळूहळू पिवळी पडते. फोटो काढण्यापुरता धोका नाही. फक्त ती काच घासू-फोडू नका. अतिनील प्रकाशाने पिवळेपणा उतरतो. ऊन आपल्याकडे फुकट आहे, म्हणून लोक मे महिन्यात गच्चीवर लेन्स ठेवतात. असं करू नका. एक तर तेल पुन्हा हलेल, आणि दुसरं, ती शेवटी भिंगच आहे. उन्हात उघडी ठेवलेली लेन्स कापसाच्या गाठीपाशी काय करेल ते सांगायला नको. डिसेंबरचं कोवळं ऊन घ्या, खाली चांदीचा कागद, डोळा लेन्सवर. नाहीतर छोटा यूव्ही एलईडी दिवा लावून दोन-तीन आठवडे धीर धरा.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी एकच सांगणं: विकणाऱ्याकडून टॉर्च लावलेला आरपार फोटो आणि पाती उघड-मिट करतानाचा व्हिडिओ मागा. 'मिंट कंडिशन' या शब्दावर पैसे देऊ नका. 'वयाप्रमाणे थोडी धूळ' असं म्हणून टॉर्चचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडे धुळीहून जास्त काहीतरी असतं. परदेशातून मागवली तर कस्टम ड्युटी आधीच किमतीत धरा.

घरी आणल्यावर चामड्याचं पाकीट बाजूला काढा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की झालं. तांदळात पुरू नका, त्याची पूड आट्यांत जाते. उन्हाळ्यात डबा लोखंडी कपाटात किंवा गाडीच्या डिकीत नको, घरात सगळ्यात थंड भिंतीला लागून ठेवा. आषाढापासून जेलचे दाणे दर पंधरवड्याला बघत जा, रंग उतरला की मंद आचेवर तव्यात परतून घ्या. माझे पोळ्याच्या आसपास हमखास उतरतात.